कोरड्या पायांनी नवगाव

२६ ऑक्टोबर, रविवार. संध्याकाळ.

बोट घेतली. फायबरची, पांढरी, मागे चाळीस हॉर्सपॉवरचं इंजिन. सेकंडहँड. विकणारा वॉटरस्पोर्ट्सवाला निरोप देताना रडायचाच बाकी होता. झिल्पाचं म्हणणं, तो हसू दाबत होता. बायकोला माणसं कळत नाहीत. कळली असती तर माझी किंमत कळली असती.

करंजाच्या धक्क्यावर लावलीय. धर्मराज कोळी लक्ष ठेवणार, चालवणारही तोच. पनवेलहून एसटीने जाऊन-येऊन करीन. रिटायर माणसाला उद्योग हवा.

आता मुख्य मुद्दा. आमची लेक आदिना इस्रायलमध्ये, अश्दोदला. तिला दिवस गेलेत. झिल्पाने पासपोर्ट नवा करून घेतला आणि जाहीर केलं की आता कायमचं तिकडेच. मी म्हटलं, तिकडे सायरन वाजतात. ती म्हणाली, इथे तुम्ही वाजता.

आम्ही नवगावकर. दोन हजार वर्षांपूर्वी आमच्या लोकांचं जहाज नवगावच्या किनाऱ्याला फुटलं, सात पुरुष नि सात बायका तेवढ्या वाचल्या, आणि आम्ही सगळे बेने इस्रायल त्यांची प्रजा. तेव्हापासून आमच्यातलं कोणी तिथे समुद्रातून म्हणून गेलेलं मी ऐकलं नाही. जातात ते मिनीबसने, वडखळला वडापाव खात. मी जाणार समुद्रातून. सात जोडपी, चौदा माणसं. त्या वाळूवर मलिदा, म्हणजे आमचा नवसाचा प्रसाद, करायचा, प्रेषित एलियाहू हन्नाबीचं नाव घ्यायचं. मग बघू कोण गाव सोडायची भाषा करतं.

झिल्पाने पासपोर्ट उचलून कपाटात ठेवला. मग म्हणाली, ठीक आहे. मला कोरड्या पायांनी नवगावला उतरवा, पासपोर्ट तुमच्या हातात देते. नाही जमलं तर मी एकटी जाईन. आणि त्यांची बोट फुटली होती, एवढं लक्षात असू द्या.

जिंकल्यात जमा. बोटीचं नावही 'झिल्पा' ठेवलं. मला विचारलंत का, म्हणाली. एवढं करूनही हे.

संकल्प: योसेफशी आजपासून भांडायचं नाही. मेव्हणा आहे, शेवटी बायकोचा भाऊ आहे, आणि मूर्ख आहे हा त्याचा दोष नाही.

२८ ऑक्टोबर

भांडलो.

पहिली ट्रायल. मी, झिल्पा, धर्मराज आणि न बोलावता आलेला योसेफ. योसेफ द्रोणागिरीला गोडाऊनमध्ये सुपरवायझर. रोज कंटेनर बघून बघून स्वतः कंटेनर झालाय. मागे वारा चांगला लागतो म्हणून इंजिनाला चिकटून बसला आणि भजी खात राहिला.

अर्ध्या तासात घोट्याएवढं पाणी. झिल्पाच्या चपला तरंगायला लागल्या. धर्मराज म्हणाला, सायेब, पानी हाय. म्हटलं, दिसतंय मला. मी काय आंधळा आहे?

बोटीत एक पंप आहे. तळाला साचलेलं पाणी ओढतो, नळीतून मागच्या भोकाने बाहेर टाकतो. भोक समुद्राच्या पाण्यापासून चार बोटं वर. पंप चालू केला, पाणी गेलं. बंद केला, परत आलं. म्हणजे पंप उत्तम, लीकेज भयंकर.

योसेफ म्हणाला, दाजी, बोट विका नि बादल्या घ्या. तिथून सुरू झालं.

काळजी नाही. तीस वर्षं औषधांच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोल केलंय. मी नापास केलेला माल परत कधी पास झाला नाही. हे लीकेज म्हणजे काय चीज.

३० ऑक्टोबर

शास्त्रीय पद्धतीने सुरुवात. पहिला प्रश्न: पाणी कुठलं? बोटीतलं पाणी चाखलं. खारट. म्हणजे पाणी समुद्राचं.

घरी येऊन सांगितलं. झिल्पा म्हणाली, मग काय चहा असणार होता?

पोट बिघडलंय.

१ नोव्हेंबर, शनिवार

शब्बाथ. काम बंद. विचार केला. विचार म्हणजे काम नव्हे.

सिनेगॉगमध्ये प्रार्थना संपते न संपते तोच योसेफने सगळ्यांसमोर विचारलं, दाजी, तरंगतेय का? सगळे हसले. सगळे म्हणजे आम्ही उरलोयच किती. बाकीचे कधीच विमानात बसून गेले. ज्यांना राहायची अक्कल होती त्यांना हसायची अक्कल नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

आजचा दिवस ऐतिहासिक. बोट ट्रेलरवर घालून पनवेलला सोसायटीत आणली. पद्धत सोपी: बोट जमिनीवर ठेवायची, आत पाणी भरायचं. आतलं पाणी जिथून बाहेर ठिबकेल तिथूनच बाहेरचं आत येतं. शाळेतल्या पोरालाही कळेल.

सकाळी बागेचा पाइप लावला. पाय ठेवायच्या फळ्यांपर्यंत भरली. बाहेर थेंब नाही. अजून दोन बोटं भरू म्हणतोय तेवढ्यात पाइप फुसफुसला आणि बंद पडला. टाकी संपली.

सेक्रेटरी विनायक अंगाला साबण लावलेला, टॉवेलवर खाली आला. म्हणाला, आज पाणीकपात आहे, टँकरचं पाणी होतं ते, चार मजले कोरडे पडलेत नि तुम्ही बोट भरताय? म्हटलं, हे संशोधन आहे. म्हणाला, आम्ही धुवायचं कशाने? तिसऱ्या मजल्यावरच्या सत्यवतीबाई गॅलरीतून जे बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी लोकांनी बोटीतूनच बादल्या भरून नेल्या. चाखलं असतं तर कळलं असतं, तळाला करंजाचं मीठ होतं.

नोटीस येणार आहे. येऊ दे. क्षुद्र माणसं. डोक्यावर साबण असला की माणसाची पातळी कळते.

निष्कर्ष: बोटीला भोक नाही. सिद्ध.

९ नोव्हेंबर, रविवार

बोट परत करंजाला. भाड्याच्या ट्रेलरवाल्याशी भांडण. पळस्प्याच्या नाक्यावर ट्रॅफिकमध्ये अडकलो, मागचा ट्रकवाला ओरडला, काका, समुद्र त्या बाजूला.

आज निर्णायक प्रयोग. आधी मी एकटा बसलो. एक तास. कोरडी. मग मी आणि धर्मराज. कोरडी. मग योसेफ आला, मागे बसला. वीस मिनिटांत पाणी.

वहीत नोंद केली. इतके दिवस बोटीत भोक शोधत होतो. भोक माणसात होतं.

११ नोव्हेंबर

रूट कॉज अॅनालिसिस पूर्ण. मोठ्या कागदावर माशाच्या काट्यासारखी आकृती काढली, कारखान्यात काढायचो तशी. सगळे काटे योसेफकडे जातात.

मोटिव्ह? स्वच्छ आहे. बहिणीचे तिकडचे कागद कोणी भरून दिले? योसेफने. मी हरलो की झिल्पा जाणार, मग बायकोला, हदासला घेऊन हाही मागोमाग. घरात साप पाळला होता मी. सापच तो, फक्त जाड.

झिल्पा म्हणाली, तो जड आहे हो. मागे बसला की बोट मागून खाली जाते. योसेफच्या जागी तेवढ्याच वजनाची वाळूची पोती ठेवून बघा ना.

मी म्हटलं, वाळूला मोटिव्ह नसतो.

ती उठून आत गेली. मुद्दा पटला असावा.

१४ नोव्हेंबर

शत्रू काहीही करो, आपली तयारी हवी. आणखी दोन पंप घेतले. आता एकूण तीन. दुकानदार म्हणाला, बाहेरच्या टोकाला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावा साहेब, पाणी उलटं येत नाही. म्हटलं, मला पाणी बाहेर टाकायचंय, व्हॉल्व्ह तुझ्या घरी लाव. हे लोक गिऱ्हाईक बघून टोप्या घालतात.

जुन्या भोकाच्या शेजारी दोन नवी भोकं स्वतः पाडली. एका ओळीत, फुटपट्टी लावून. धर्मराज म्हणाला, वर पाडा. कुणी विचारलं याला? हाच परवा म्हणत होता लीकेज इंजिनाच्या बोल्टातून आहे, त्याआधी म्हणत होता बोटीला दृष्ट लागलीय, नारळ फोडा. पाणी वर चढवायला पंपाला त्रास होतो. आपण पंपाचा विचार करायचा.

झिल्पाने भोकांचा फोटो बघितला. म्हणाली, बाहेर जायची वाट तीच आत यायची वाट असते. म्हटलं, हे बोटीबद्दल बोलतेस की माझ्याबद्दल? ती म्हणाली, आत्ता तरी भोकाबद्दल.

१६ नोव्हेंबर, रविवार

योसेफची झडती घेतली. धक्क्यावर, सगळ्यांसमोर. खिशात खिळा, स्क्रू ड्रायव्हर, काहीतरी असणारच. निघाली कागदात बांधलेली भजी आणि बीपीची गोळी. योसेफ काही बोलला नाही. नेहमी बोलतो. आज नाही बोलला. बोटीत न बसताच रिक्षाने गेला.

मनात चोर असल्याशिवाय माणूस गप्प बसत नाही.

तो नसल्यामुळे बोट कोरडी. आणखी पुरावा काय हवा?

२३ नोव्हेंबर, रविवार

त्याला फोन करून बोलावलं, ट्रायलसाठी म्हणून. झिल्पाने सांगितलं म्हणून आला. मी सापळा लावला होता. फळ्यांखाली तळाला रांगोळीची पांढरी पूड पसरली. (दिवाळी उलटल्यावर रांगोळी मागितली तर वाणी दात काढतो. त्यालाही ऐकवलं.) पाणी जिथून शिरेल तिथून पुडीत ओघळ उठणार.

उठले. तीन. तिन्ही पंपांच्या नळ्यांपासून सुरू झालेले.

यावर रात्रीपर्यंत डोकं चालवलं. उलगडा झाला. पाणी घाबरून पंपांकडे धावत होतं. म्हणजे पंप जबरदस्त आहेत. मुळात शिरतं कुठून ते योसेफलाच ठाऊक.

३० नोव्हेंबर, रविवार

सात जोडपी जमेनात. पनवेलमध्ये आमची माणसं ती किती, त्यातल्या एकाला गुडघे, एकाला लग्न, एकाला पोहता येत नाही. म्हटलं, पूर्वजांना तरी कुठे येत होतं? म्हणाला, म्हणूनच. महिनाभर गोड बोलून (म्हणजे दोनदाच भांडून) सहा जोडपी झाली. सातवं जोडपं एकच उरलं. योसेफ आणि हदास.

नाइलाज. सात म्हणजे सात. सहा जोडप्यांनी कुठे इतिहास होतो? योसेफला मागेच बसवायचं, इंजिनापाशी, माझ्या डोळ्यांसमोर.

धर्मराज म्हणाला, आठ मान्सांची बोट हाय, तुमी चौदा नि मी पंदरावा. आमी नाय नेनार. म्हटलं, पूर्वजांच्या जहाजावर पाटी होती का किती माणसं म्हणून? तो म्हणाला, म्हनूनच फुटला आसंल. तोंडाळ. शेवटी अट घातली: किनारा धरून जायचं, सगळ्यांना लाइफ जॅकेट, आणि त्याच्या भावाची होडी मागून येणार. अपमान आहे हा बोटीचा. मान्य केलं.

६ डिसेंबर, शनिवार. शब्बाथ सुटल्यावर.

उद्या निघायचं. हदासने मलिद्याची तयारी केलीय. पोहे, ओलं खोबरं, साखर, फळं.

झिल्पाने निळी साडी इस्त्रीला दिली होती. ती घेऊन आली, पलंगावर पसरली, हाताने सारखी केली. म्हणाली, नवगावला ही नेसणार. म्हणजे तिला यायचंय. म्हणजे तिलाही वाटतंय की जमावं. मला इतकं बरं वाटलं की काय करावं कळेना, म्हणून खाली जाऊन विनायकशी पार्किंगवरून भांडलो.

एलियाहू हन्नाबीला बोललो: एवढं पार पाड. पुढच्या वर्षी पुन्हा मलिदा करीन, आणि योसेफला माफही करीन. शक्यतो.

७ डिसेंबर, रविवार. संध्याकाळ. अलिबागहून मिनीबसमध्ये.

घडलं ते तटस्थपणे लिहितो.

निघालो तेव्हा सगळं झकास. ऊन कोवळं. माणसं चिकटून बसलेली, म्हणजे आपसूक एकी. योसेफ मागे, शेजारी हदास. बोट मागून जरा बसल्यासारखी वाटत होती. म्हटलं, ऐटीत चाललीय.

अर्ध्या वाटेत पाणी. तिन्ही पंप चालू केले. पाणी गेलं. बॅटरी वाचवायला पंप बंद केले. पाणी आलं, पहिल्यापेक्षा तिप्पट. असं किती वेळा. मग बॅटरी संपली. बायका डब्यांनी उपसायला लागल्या. मलिद्याचं ताट तरंगत पुढे गेलं. झिल्पा मात्र बाकावर मांडी घालून बसली होती, साडी गोळा करून, पाय वर घेऊन. पाय कोरडे. माझ्याकडे बघत होती. नवगावचा किनारा दिसत होता.

तेवढ्यात मागे बघितलं. योसेफ बोटीच्या कडेवरून ओणवा, उजवा हात खांद्यापर्यंत समुद्रात, डाव्या हातात रुमालाचा बोळा, तोंड लालबुंद. ओरडत होता, दाजी, इथून येतंय, तिन्ही इथूनच, मी दाबून धरलंय, कुणीतरी दुसरा रुमाल द्या. रंगेहाथ पकडला! भोकावर हात! मी चौदा माणसं तुडवत गेलो आणि कॉलर धरून त्याला मागे खेचला. रुमाल समुद्रात गेला. त्यानंतर पाणी कसं आलं ते सांगत नाही.

धर्मराजने बोट सरळ वाळूकडे घातली. किनाऱ्यापासून शंभरेक पावलांवर टेकली. पाणी मांडीएवढं. कुणाला काही झालं नाही. सात जोडपी निघाली, सातही उतरली. तसं बघितलं तर इतिहास जसाच्या तसा झाला.

एकच गोष्ट राहिली. झिल्पा बाकावरच होती. योसेफ खाली उतरला, पाण्यातून तिच्यापाशी गेला आणि बहिणीला लहान पोरीसारखी खांद्यावर घेतली. मला म्हणाला, दाजी, हिचे पाय कोरडे आहेत अजून, नेऊन वाळूवर ठेवतो, शर्त तुमची. धापा टाकत होता. बीपी आहे त्याला.

मी ओरडलो, माझ्या बायकोला हात लावू नकोस, खाली ठेव तिला.

त्याने माझ्याकडे बघितलं. झिल्पाकडे बघितलं. ती म्हणाली, ठेव रे, सांगतायत ना ते.

त्याने ठेवली.

निळी साडी कमरेपर्यंत भिजली. ती चालत गेली, वळून बघितलं नाही. वाळूवर जाऊन साडी पिळत बसली. मी तिच्या बाजूला जाऊन म्हटलं, पाणी योसेफमुळे आलं. ती म्हणाली, हो.

'हो' म्हणाली. म्हणजे मान्य केलं. तरी बरं वाटत नाहीये.

१० डिसेंबर

घरात बोलणं बंद. मीही बोलत नाही. बघू कोण आधी हरतं.

१४ डिसेंबर, रविवार

आमच्या दिव्यांच्या सणाची, हनुक्काची पहिली वात. झिल्पाने लावली. मग बोलली. अठरा तारखेचं तिकीट आहे. एक.

मी म्हटलं, अजून एक ट्रायल घेऊ, चौथा पंप बसवतो. ती म्हणाली, इसाजी, पाण्याला नाही घाबरले मी. चाळीस वर्षं ओल्यातच काढली. त्याने मला उचललं होतं. पन्नास पावलं गप्प राहिला असतात तर पासपोर्ट दिला असता.

तिने मला नावाने कधी हाक मारली नव्हती.

म्हटलं, पन्नास नाही, शंभर होती.

१८ डिसेंबर

गेली. योसेफने गाडी काढली विमानतळापर्यंत. मी मागे बसलो.  गेटपाशी ती म्हणाली, तुमची बीपीची गोळी ड्रॉवरमध्ये आहे, गॅस बंद करत जा, आणि बोटीत एकटे जाऊ नका. म्हटलं, बोट माझी आहे.

येताना योसेफ म्हणाला, जेवायला चला, हदासने बांगडे केलेत. म्हटलं, भूक नाही. भूक होती.

२८ डिसेंबर, रविवार

काल आदिनाला मुलगा झाला. झिल्पाने फोटो पाठवला. नाक माझं आहे.

आज करंजाला गेलो. धर्मराजने बोट काढून धुऊन लावून ठेवलीय. मी एकटाच आत बसलो. पंप बंद. एक तास बसलो, दोन तास बसलो. फळ्या उचलून बघितल्या. खाली हात फिरवला. थेंब नाही. तळाचा फोटो काढून झिल्पाला पाठवला. खाली लिहिलं, बघ, पूर्ण कोरडी. तिने अंगठा पाठवला.

बोटीला दोष नाही, हे सिद्ध झालं. सांगायला आजूबाजूला धर्मराजशिवाय कुणी नव्हतं. धर्मराजने विचारलं, सायेब, आजून कोनी येनार हाय का? म्हटलं, नाही. मग जरा वेळाने योसेफला फोन केला. म्हटलं, येतोस का, एक फेरी मारू. तो म्हणाला, दाजी, मी बसलो की पाणी येतं.

म्हटलं, येऊ दे.

म्हणाला, बघतो.